न्यायाधीशांची भिंत

निवृत्त न्यायाधीश अण्णासाहेब गुर्जर घरातही निकालच देत. निजायच्या खोलीला पांढराशुभ्र रंग लावायचा, असा त्यांनी निकाल दिला. पत्नी इंदुताईंना मात्र सायीसारखा, किंचित पिवळसर पांढरा हवा होता.

"दोन्ही पांढरेच. काही पुरावा असेल तर बोल," अण्णासाहेब म्हणाले.

रंगाऱ्याने भिंतीवर दोन्ही रंगांचे रुंद पट्टे ओढले होते. इंदुताईंनी पांढऱ्या सदऱ्यातल्या, पांढऱ्या केसांच्या नवऱ्याला शुभ्र पट्ट्यापुढे उभं केलं.

"माझी नजर अधू झालीय. इथे तुम्ही भिंतीत मिसळून जाता. सकाळी डोळे उघडले की मला तुम्ही दिसायला हवेत."

अण्णासाहेब स्वतःच सायीच्या पट्ट्यापुढे सरकले.

"आता दिसतो?"

"दिसता. हसताय, तेही दिसतंय."

रंगाऱ्याने सायीच्या रंगाचा डबा उघडला.