मावळतीची भिंत

फार मागे एका गावाने आपल्या हातांनी शाळा बांधली, तेव्हाची ही गोष्ट. भिवा गवंड्याने तीन भिंतींना खिडक्या ठेवल्या. मावळतीची भिंत मात्र जाडजूड दगडमातीची, बिनखिडकीची केली.

पोरं बाकीच्या खिडक्यांना लोंबकळायची. या भिंतीकडे कुणी फिरकत नसे. समोरची उगवतीची भिंत हिणवायची, "काय गं आंधळे, आज कुणी भेटायला आलं होतं का?"

एकदा भिवा कौलं शाकारायला आला, तेव्हा भिंत म्हणाली, "भिवादादा, मलाही एक खिडकी द्या ना."

"अगं बाय, दुपारचं ऊन अडवायला तुला उभी केली. खिडकी पाडली तर ते आत शिरेल."

"शिरू दे. एखादं पोर तरी माझ्याजवळ येईल."

भिवाचं मन मऊ. त्याने खिडकी पाडली. पोरं धावत आली, हनुवट्या टेकून बाहेर बघू लागली. भिंत हरखून गेली.

उन्हाळा लागला. दुपारचं ऊन थेट पोरांच्या डोक्यावर येऊ लागलं. एक दिवस चिमुकली ठकी भोवळ येऊन पडली. गुरुजींनी वर्ग उठवला आणि देवळात नेला.

रिकाम्या शाळेत भिंत लांबून येणारे पाढे ऐकत राहिली. आठव्या दिवशी भिवा वाटेने जाताना दिसला.

"दादा, ही खिडकी बुजवा."

"मग परत कुणी जवळ येणार नाही हं."

"नाही आलं तर नाही. पोरं आत बसू देत."

खिडकी बुजली, पोरं परतली. आता ती भिंतीकडे पाठ करून बसतात. दुपारी भिंत बाहेरून तव्यासारखी तापते. आत ठकी गारव्यात मान खाली घालून पाटीवर अक्षरं गिरवत असते.