रेषेबाहेरची केसरमाय

"शंभरातून सात गेले तर किती?"

"त्र्याण्णव."

"त्यातून सात?"

"शहाऐंशी. मंग एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट... तू थांब म्हणशील तवा थांबतो."

सारंगने कागदावर पाच बरोबरच्या खुणा केल्या आणि त्याचं तोंड उतरलं.

केसरमाय एक्क्याण्णव वर्षांची. पूर्णाकाठच्या त्या लहानशा मठात तिची सत्तर वर्षं गेली होती. पंचक्रोशीतली माणसं आपली भांडणं, सोयरिकी, दुखणीखुपणी घेऊन तिच्या पायरीशी येत. सारंग टेंबे पुण्याहून आला होता तो एक सिद्धांत घेऊन. मेंदूच्या इजेवर त्याने पीएच.डी. केली होती आणि आता त्यापुढचं संशोधन चाललं होतं: तरुणपणी डोक्याला मार लागलेल्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश किती होतो? त्याचं उत्तर तयारच होतं. मार जितका मोठा, तितकं विसरणं जास्त.

एकशे त्रेसष्ट म्हाताऱ्यांनी कमीअधिक त्याच्या सिद्धांताचं ऐकलं होतं. एकशे चौसष्टावी ही बाई. विसाव्या वर्षी विहिरीत पडून नऊ दिवस बेशुद्ध होती म्हणे, आणि मागच्या दोन्ही खेपांना स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी तीस गुण घेऊन बसली होती.

फेलोशिप तीन महिन्यांत संपणार. निबंध छापून आला तर नोकरी, आणि नेमकी ही बाई निबंधाच्या वाटेत मांडी घालून बसलेली, तीही हसतमुखाने. "दुखापतीची खात्री नसेल तर नाव गाळता येईल," असं त्याच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर सुचवलं होतं. म्हणून ही तिसरी खेप.

"माय, तुम्हाला खरंच मार लागला होता? की लोक उगाच सांगतात?"

मायने डोक्यावरचा पदर मागे सारला, त्याचा हात धरला आणि त्याची दोन बोटं आपल्या पांढऱ्या केसांत नेऊन ठेवली.

बोटं खाली गेली. तिथे कवटीला चांगला खोलगट खड्डा होता...

सारंगने आजवर हजारो मेंदू पडद्यावर पाहिले होते. दुखावलेल्या डोक्याला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ. त्याला बोटं चटकन काढवेनात.

"लागला होता," माय म्हणाली.

म्हणजे नाव गाळायची सोय गेली. आता एकच प्रश्न उरला होता.

"मघाशी मी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?"

"लिंबू," माय म्हणाली. "कुलूप..."

ती अडली.

"तिसरा..."

सारंगला आनंदाची उकळी फुटली. एक म्हातारी शब्द विसरली म्हणून! हे ध्यानात आलं मात्र, त्याची कानशिलं तापली. आपण काय झालो आहोत, असं त्याच्या मनात आलं.

माय त्याच्याकडेच पाहत होती.

"नाही आठवत बापा. लिहून टाक."

पेन कागदावर टेकलं, आणि तिथेच राहिलं.

"माय, तुम्ही मुद्दाम करताय."

"मी बरोबर सांगतलं का तुह्यं तोंड उतरते. तीन खेपा झाल्या, मी पायतोच ना. एवढ्या दुरून आलेल्या लेकराले रित्या हातानं काहून धाडू?"

"पण खरं काय ते..."

"खरं पाहिजे का तुले?"

स्वयंपाकघरात कुणीतरी भाकऱ्या थापत होतं. सारंगला तीन महिने दिसले, नोकरी दिसली, सरांचा चेहरा दिसला...

"पाहिजे," तो म्हणाला.

"नदी."

इतक्या झटकन आलं ते, की सारंगला हसूच फुटलं. मायही हसू लागली, दात नसलेल्या तोंडाने, मनापासून. दोघं इतकी हसली की भाकऱ्या थापणारी बाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

सारंगने ठळक अक्षरांत लिहिलं: तीसपैकी तीस. सिद्धांताचं कंबरडं मोडलं होतं आणि त्याला वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपल्यासारखं मोकळं वाटत होतं. त्याने कोरा कागद काढला.

"माय, आता मला सगळं विचारायचंय. नऊ दिवसांनी जागं झाल्यावर पहिलं कोण दिसलं, मग शिकलात काय, बोललात कुणाशी, सत्तर वर्षं रोज केलंत काय... सगळं."

"इचार. पण तुह्या त्या निबंधाचं काय?"

त्याने कागदावर एक उतरती रेष ओढली, तिच्या आजूबाजूला बारीक ठिपके मारले आणि पार वर, कोपऱ्यात, एक ठिपका काढला.

"मार वाढला तसे गुण उतरले, हे बाकीचे सगळे. आणि ह्या इथे तुम्ही, एकट्याच."

मायने कागद डोळ्यांजवळ नेला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि परत त्याच्या हातात दिला.

"एकटी कशी रे बापा? तू येऊन बसला ना बाजूले."