बिनचेहऱ्याचा रायाजी

आंबेखिंडीच्या भैरोबाच्या देवळात आलात, की डाव्या भिंतीवरची लढाई पाहा. पुढच्या घोड्याला तीनच पाय आहेत. पाहुणे त्यावर हसतात. मग वेशीत तलवार घेऊन उभ्या असलेल्या शिपायाकडे लक्ष जाते आणि हसू थांबते. त्याला चेहरा नाही. तिथे नुसता पांढरा चुना आहे.

याला कागदाचा पुरावा नाही. मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे हे सांगताना अजून चाचरतो. ऐकले तसे सांगतो.

गावावर धाड आली तेव्हा रायाजी नावाच्या पहारेकऱ्याने एकट्याने वेस धरली आणि तो तिथेच पडला. पुढे बऱ्याच वर्षांनी देशमुखांनी ती लढाई रंगवायला नरसू चिताऱ्याला बोलावले. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याला विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा काढायचा नाही, असा त्याचा नेम होता, असे सांगतात. तीन वर्षे तो त्या भिंतीपाशी होता. रायाजीच्या चेहऱ्याशी आला, तेव्हा देशमुख म्हणाले, "तिथं आमच्या आजोबांचा काढ."

आजोबा त्या दिवशी रानात लपले होते, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. नरसूलाही. पण तो घाबरला आणि त्याने काढला. मी त्याला नावे ठेवत नाही. मीही काढला असता.

रायाजीची म्हातारी बायको सगुणा पाहायला आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "मिशा झकास काढल्यास रं बाबा. पर हे आमचं माणूस न्हवं."

"मग आजी, तुम्ही सांगा. कसे दिसायचे ते?"

"नाक..." ती थांबली. "पन्नास वरसं झाली, लेकरा. आता मलाच आठवंना."

नरसूने थापी उचलली, तो चेहरा खरवडला आणि तिथे चुना भरला. देशमुखांनी त्याला त्याच दिवशी गावाबाहेर काढले. घोड्याचा चौथा पाय राहिला तो राहिलाच. नंतर दुसरा चितारी आणून आजोबा पुन्हा काढवले, तर सगुणेने त्यावर चुना फासला, म्हणे. पुन्हा काढले, पुन्हा फासला. शेवटी देशमुखच दमले.

आजही दसऱ्याला गावातली सर्वांत वयस्क बाई त्या जागी चुन्याचा हात फिरवते. आधी रायाजीचे नाव घेते, मग आपल्या घरातल्या अशा माणसाचे, ज्याचा चेहरा तिला आता आठवत नाही. गेल्या दसऱ्याला हा मान माझ्या थोरल्या बहिणीचा होता. तिने आमच्या आईचे नाव घेतले. मी मागे उभा राहून आईचा चेहरा आठवू लागलो. समोर ओला चुना चमकत होता.