वस्तादांची शपथ

एका डोंगरगावात एक वस्ताद होते. तालमीत त्यांचा शब्द शेवटचा. भले भले पहिलवान त्यांच्यापुढे मान खाली घालत. पण चॉकलेट दिसलं, की हा दगडासारखा माणूस लोण्यासारखा विरघळे.

पन्नाशीत त्यांना मधुमेह जडला. वैद्य म्हणाले, "वस्ताद, चॉकलेट सोडू नका, मोजून खा. काळं, कडू घ्या. जेवण झालं की एक तुकडा, सावकाश चघळून. रिकाम्या पोटी मात्र नाही."

"एक तुकडा?" वस्ताद हसले. "आम्ही सोडलं म्हणजे सोडलं!"

त्यांनी आखाड्यातली माती उचलून सगळ्यांदेखत शपथ घेतली. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. आया मुलांना सांगू लागल्या, "निग्रह असावा तर असा!"

चार महिने निभावले. मग एका दुपारी तालमीमागच्या खोलीत एकटे असताना त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. शपथ तर मोडलीच, आता मोजायचं कशाला? उपाशीपोटी अख्खा डबा संपला. पुढच्या आठवड्यात दुसरा.

"पथ्य चालू आहे ना?" वैद्य विचारत.

"शपथ घेतलीय मी!" वस्ताद गुरकावत. मग वैद्य तरी काय बोलणार?

एकदा तळपायात काच शिरली. वस्तादांना कळलंही नाही. साखर वाढून पाय केव्हाच बधिर झाला होता. जखम चिघळली, काळी पडली. शेवटी गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

ते अंथरुणावर असताना बायकोनं मागची खोली झाडली. कोपऱ्यात चॉकलेटच्या चांद्यांचा ढीग निघाला. ती तो पदरात घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अहो, मला सांगायचं होतंत. रोज एक तुकडा मीच तुमच्या हातावर ठेवला असता."

वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी शेजारची कासारीण भेटायला आली. तिलाही हाच आजार होता. ती डोळे पुसत म्हणाली, "वस्ताद, तुम्ही कणभर खाल्लं नाहीत, तरी पाय गेला. मग मी तरी कशाला मन मारू? आजपासून माझं पथ्य बंद."

बायकोनं वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद गप्प राहिले असते, तर नाव राहिलं असतं.

"थांब बाई," ते म्हणाले. "मी खात होतो. चोरून, डबेच्या डबे. तू पथ्य सोडू नकोस."

कासारीण त्यांच्याकडे बघतच राहिली. मग उठून गेली. तिचं पथ्य टिकलं. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं पलीकडच्या गावच्या तालमीत जाऊ लागली. वस्ताद दारात बसून त्यांना जाताना बघत. कुणी थांबत नसे.

तात्पर्य: चारचौघांत मोजून खाल्लेलं पचतं, शपथेआड लपून खाल्लेलं अंगावर येतं.