डॉक्टरांची कॅप आणि माझा लाडू

दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसले की माझ्याइतकी भित्री बाई गावात सापडायची नाही. त्या दिवशी डॉक्टर म्हसकर माझी मागची दाढ घासून तिच्यावर सिरॅमिकची कॅप बसवणार होते. एकदा घासलेली दाढ परत येत नाही, म्हणून मी आधी विचारून घेतलं.

"ही टिकेल ना हो, डॉक्टर?"

"जन्मभर, ताई! काहीही चावा. माझ्या उजव्या दाढेवर हीच आहे. शंका पुरे, आ करा."

मी आ करायच्या ऐवजी भाचीसाठी नेत असलेला डबा उघडला. "मग हा डिंकाचा लाडू खा. मी केलाय."

डॉक्टरांनी लाडू ट्रेवर आपटला. ठण्ण आवाज आला. माझे लाडू असेच होतात. त्यांनी तो हळूच डाव्या दाढेखाली धरला.

"तिकडून नको. कॅपच्या बाजूने चावा."

डॉक्टरांनी लाडू खाली ठेवला. "बऱ्याच जणांची वर्षानुवर्षं टिकते," ते हळू आवाजात म्हणाले, "पण काहींची तडकतेही. थांबा, तुमची दाढ आधी नीट बघतो. नुसती भरून भागलं, तर घासत नाही."

मग मी आ केला. भीती होतीच, पण आता खोलीत घाबरलेले आम्ही दोघं होतो, म्हणून जरा धीर आला.