घटिकाघरातले मौन

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घड्याळे नव्हती, पण वेळ होतीच, आणि ती राखायला माणसे लागत.

एका राजाच्या नगरात टेकडीवर घटिकाघर होते. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत असे. ती भरून बुडाली की एक घटका झाली. वाटी उपसायची, पुन्हा सोडायची, आणि किती वेळा बुडाली ते ध्यानात ठेवायचे, एवढेच तिथले काम. सूर्योदयाला, दुपारी आणि सूर्यास्ताला टोल पडे. नगरात लग्न असले तर मुहूर्ताच्या घटकेलाही पडे, आणि त्या टोलावर अंतरपाट दूर होई.

तिथे दोघे जण पाळीपाळीने बसत. हुद्द्याने थोरला तिमाजी आणि धाकटा हैबती.

तिमाजी नेटका माणूस. त्याची घोंगडी घडीवर घडी, त्याचा तांब्या लख्ख घासलेला. हैबती कामाला चोख होता, पण वागायला अघळपघळ. तो कांदाभाकर घोंगडीवरच बसून खाई आणि चुरा तसाच टाकून जाई. मग मुंग्या लागत. भिजलेली पगडी तिमाजीच्या खुंटीला टांगी. तिमाजीच्या तांब्याला तोंड लावून पाणी पिई. आणि वाटी आता बुडणार, आता बुडणार अशी आली, की नेमकी त्याला आपल्या म्हशीची गोष्ट आठवे.

तिमाजीला हे सारे खुपे. पण तो हैबतीला काही म्हणाला नाही. "मोठ्या माणसाने किती सांगायचं? ज्याचं त्याला कळायला हवं," असे तो घरी बायकोला म्हणाला. मग तेल्याला म्हणाला. मग न्हाव्याला म्हणाला. हळूहळू त्याला त्या सांगण्याची गोडी लागली. हैबती जांभई कशी देतो, पाणी कसे गटागटा पितो, याची तो हुबेहूब नक्कल करी, आणि पारावर हशा पिके. "काय तिमाजी, आज काय केलं तुमच्या हैबतीनं?" असे लोक आपणहून विचारू लागले.

एक दिवस हैबतीने खाल्लेल्या चिंचेचे चिंचोके तिमाजीच्या घोंगडीत सापडले. त्या दिवसापासून तिमाजीने त्याच्याशी बोलणेच टाकले.

घटिकाघराचा एक जुना दंडक होता. येणाऱ्याने विचारायचे, "किती?" आणि जाणाऱ्याने तोंडाने आकडा सांगायचा. तिमाजी आता नुसती बोटे दाखवू लागला. हैबती विचारी, तिमाजी बोटे दाखवी आणि पायऱ्या उतरून जाई. काही दिवस असे चालले. मग हैबतीनेही विचारणे सोडले.

आषाढ लागला होता. चातुर्मास सुरू होण्यापूर्वीचा शेवटचा मुहूर्त कासाराच्या मुलीसाठी धरला होता. सूर्योदयानंतरची बारावी घटका. नवऱ्या मुलाचे आजोबा फार थकलेले. नातवाचे लग्न डोळ्यांनी पाहायचे म्हणून डोलीत बसून दूरच्या गावाहून आले होते. आभाळ सकाळपासून गच्च भरलेले. सूर्याचा पत्ता नव्हता.

नऊ घटका झाल्या आणि हैबती पाळीवर आला. पावसाने निथळत होता. तो उंबऱ्यात उभा राहून पंच्याने डोके पुसत असतानाच तिमाजीने बोटे दाखवली आणि हात खाली घेतले. हैबतीने पंच्याआडून अर्धवट पाहिले, मान हलवली, आणि पगडी तिमाजीच्या खुंटीला टांगली.

याने नीट पाहिले नाही, हे तिमाजीला कळले. त्याच्या ओठांवर शब्द आलाही. पण त्याची नजर खुंटीकडे गेली आणि शब्द ओठांतच राहिला. तो पायऱ्या उतरून मांडवात आला.

मांडवात अक्षता वाटून झाल्या. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टके झाली, पुन्हा झाली. टोल पडेना.

इतक्या वर्षांत घटका तिमाजीच्या अंगात भिनली होती. बाराव्या घटकेची वेळ झाली, हे त्याला न मोजता कळले. हैबती चुकला होता. तिमाजीने एवढेच म्हणायचे होते, "भटजी, वेळ झाली, मी सांगतो." मुठीतल्या अक्षता ओल्या झाल्या. त्याने तोंड उघडले, आणि मग मनात आले, आता सगळ्या नगराला दिसेल हा कसा आहे तो. मी सांगत होतो ते काही खोटं नव्हतं.

त्याने तोंड मिटले.

"टोल अजून कसा नाही रे पडला?" आजोबांनी क्षीण आवाजात विचारले.

थोड्या वेळाने ढग फाटले आणि ऊन पडले. भटजींनी मांडवाच्या खांबाची सावली पाहिली, पुन्हा पाहिली, आणि अंतरपाट गुंडाळायला सांगितला. "मुहूर्त टळला. आता तुळशीच्या लग्नानंतर."

नवरीची आई मटकन खाली बसली. मांडवात कुणी बोलेना, आणि त्या शांततेत टेकडीवरून टोल ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी राजाच्या कारभाऱ्यांनी दोघांना बोलावले. कासार होता, वऱ्हाडी होते, निम्मे नगर होते.

"चूक कुणाची?" कारभाऱ्यांनी विचारले.

"माझी, सरकार," हैबती म्हणाला. "मला सातच बोटं दिसली. विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"दादा बरेच दिवस बोलत नव्हते. मला वाटलं, त्यांनी मौनाचं व्रत धरलंय. उगाच विचारून त्यांचं व्रत कशाला मोडायचं, म्हणून गप्प राहिलो."

कुणीतरी हसले. पण तो खरेच सांगत होता.

कारभारी तिमाजीकडे वळले. "कसलं व्रत?"

"व्रत नाही, सरकार," तिमाजी म्हणाला. "हा घोंगडीवर खातो. माझ्या तांब्याला तोंड लावतो. ओली पगडी माझ्या खुंटीला..."

पारावर ज्या गोष्टींनी हशा पिकत असे, त्या इथे, कासारासमोर, एवढ्याएवढ्याशा वाटल्या. तिमाजी मध्येच थांबला.

"हे त्याला सांगितलं होतंस?"

"साऱ्या नगराला ठाऊक आहे, सरकार."

"मी नगराचं विचारत नाही. त्याला सांगितलंस का?"

तिमाजीने मान खाली घातली. मग जे कुणी विचारले नव्हते तेही तो बोलला. "त्याने बोटं नीट पाहिली नाहीत, हे मला दिसलं होतं. आणि मांडवात वेळ झाली, तेही मला कळलं होतं."

कासाराने त्याच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले.

कारभाऱ्यांनी निवाडा दिला. न विचारल्याबद्दल हैबतीला समज मिळाली. तिमाजीचे थोरलेपण काढून घेतले गेले. तो हैबतीच्या हाताखाली राहिला. तो कासाराच्या दारी क्षमा मागायला गेला, तेव्हा कुणी रागावले नाही, पण गूळपाणीही विचारले नाही. तुळशीचे लग्न झाल्यावर कासाराच्या मुलीचेही लग्न झाले. टोल वेळेवर पडला. पण आजोबा तोवर राहिले नव्हते.

निवाड्याच्या संध्याकाळीच तिमाजी घटिकाघरात गेला आणि हैबतीसमोर बसला. घोंगडी, तांब्या, खुंटी, चिंचोके, सगळे त्याने एकदाच सांगून टाकले. तोंडावर सांगताना त्याला नक्कल काही करता आली नाही.

हैबती कानापर्यंत लाल झाला. "आमच्या घरी सोळा माणसं, दादा. माझं-तुझं असं काही नसतंच. मला कळलंच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पारावर लोक मला बघून का हसायचे, तेही आज कळलं."



दुसऱ्या दिवशी हैबतीने भिंतीत आपली वेगळी खुंटी ठोकली. घरून तांब्या आणला. खाणे बाहेर ओट्यावर नेले. म्हशीची गोष्ट मात्र काही सुटली नाही. वाटी बुडायला आली की ती निघेच. मग तिमाजी म्हणे, "जरा थांब," आणि तो थांबे. दोघांनी तिथे पुढे पुष्कळ वर्षे काढली. त्यांची मैत्री झाली असे कुणी म्हणत नाही, पण घटका पुन्हा चुकली नाही.

तात्पर्य: ज्याचे वागणे खुपते त्यालाच ते सांगावे, गावभर सांगून त्याच्यापाशी मुके राहणे, हा त्याहून मोठा असभ्यपणा.