गव्हाणीतला पुठ्ठा

एकदा एका खाडीकाठच्या गावात नाताळचा गोठा बांधणारा एक वृद्ध कारागीर राहत होता. चर्चसमोरच्या मांडवात दरवर्षी बेथलेहेम उभे करण्याचे काम त्याचे. बांबूचा सांगाडा, त्यावर चिखलात भिजवलेल्या गोणपाटाचे डोंगर, आणि डोंगरांवर हिरव्या रंगात बुडवून वाळवलेल्या लाकडाच्या भुशाचे गवत. त्याने कधी कुठल्या शाळेत शिकवले नव्हते, तरी सारा गाव त्याला मास्तर म्हणे.

त्या वर्षी त्याच्या हाताखाली इनास नावाचा तरुण होता. पावसाळ्याच्या अखेरीस इनासचा थोरला भाऊ पास्कू तापाचे निमित्त होऊन गेला. तेव्हापासून इनास कोणाशी धड बोलत नसे. रस्त्याने कोणी हसत गेले तरी त्याच्या डोक्यात तिडीक जाई. पास्कू नसताना हे लोक हसतात कसे? आईने हळूच विचारले, "यंदा नाताळच्या करंज्या करू का रे थोड्या?" त्यावर तो म्हणाला, "नको. काही नको. तारासुद्धा लावायचा नाही दाराला." मास्तरांनी हे ऐकले आणि निरोप धाडला, की घरी बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा इथे येऊन चिखल तुडव.

इनास रोज येऊन चिखल तुडवू लागला. डोंगर उभे राहिले, तेव्हा एका सकाळी मास्तर म्हणाले, "गवताला भुसा संपला. शेठच्या वखारीतून दोन पोती घेऊन ये."

त्याच लाकडाच्या वखारीत पास्कू मोठी करवत चालवत असे. तो गेल्यापासून इनासने तिकडे पाऊल टाकले नव्हते. पण मास्तरांचा शब्द त्याला मोडवेना. तो गेला, आणि गेला तसाच परत आला. पोती रिकामीच होती. काखेत मात्र एक फाटका पुठ्ठा होता.

"भुसा कुठाय?" मास्तरांनी विचारले.

"नाही आणला. आणणारही नाही." इनासने पुठ्ठा त्यांच्या पुढ्यात टाकला. "वाचा."

मास्तरांनी तो हात लांब करून धरला आणि सावकाश वाचला. "पंचवीस तारखेला सुट्टी. वखार बंद राहील." ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

"अक्षराचं काय घेऊन बसलात? नाताळचं नाव कुठाय त्यात? दिवाळीला पाटी लावतात तेव्हा दिवाळी लिहितात. ईदला ईद. आणि आमच्या सणाला नुसती सुट्टी? भाऊ माझा राबला तिथं. तो गेला आणि त्याच्यामागं आमचा देवही पुसून टाकला ह्यांनी. शेठच्या समोर फाडली मी पाटी."

"शेठ काय म्हणाले?"

"काही नाही. चष्मा काढून पुसत बसले."

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी कोयतीने त्या पुठ्ठ्याच्या फाटक्या कडा कापून टाकल्या, बाळयेशूची छोटी लाकडी गव्हाण पुढे ओढली आणि तिच्या तळाशी तो पुठ्ठा बसवला. अक्षरे वरच्या बाजूला ठेवली. अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाले, "बसला बघ नेमका."

इनास बघतच राहिला. "त्या पाटीवर बाळाला निजवणार तुम्ही?"

"तळ कुजला होता तिचा. हा टणक आहे."

"फादर काय म्हणतील?"

"फादरांना दिसायचं नाही. वर पेंढा येईल."

इनासने पुठ्ठा उपसायला हात घातला. मास्तरांनी चिखलाच्या हातानेच त्याचे मनगट धरले. "आधी बस. माझं ऐकून घे, मग खुशाल फाड."

इनास बसला, तसे मास्तर बोलू लागले. "हा गोठा मी जन्मभर बांधतोय. मरिया केली, योसेफ केला, मेंढपाळ केले, उंट तर किती केले. एक माणूस मात्र मला कधी घडवता आला नाही. ज्याचा हा गोठा होता, तो. त्याचा चेहरा कोणाला ठाऊक नाही. त्याला तरी काय ठाऊक होतं, आपल्या गव्हाणीत कोण निजणार ते? दिवस भरलेली बाई दारात दिसली. म्हणाला असेल, घरात जागा नाही, जनावरांपाशी आहे, बघा चालत असेल तर. एवढंच. ह्याने देवाचं नाव घेतलं नाही, असं म्हणून मरिया परत फिरली असती तर?"

इनास म्हणाला, "त्या माणसाला ठाऊक नव्हतं. शेठला ठाऊक आहे."

"आहे. नाताळ लिहिलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. पण त्यांनी अपमान केला असं मनात धरू नकोस. दिवस त्यांनी दिला. त्या दिवसाला नाव देणं हे आपलं काम. ते आपण वखारीच्या पाटीवर का सोपवायचं?" मास्तरांनी त्याचे मनगट सोडले. "आता मला एक सांग. वखारीत सध्या आपल्यातलं कोण कामाला आहे?"

"कोणी नाही. पास्कू एकटाच होता."

"मग वखार बंद कोणासाठी ठेवतात?"

मनगटावर मास्तरांच्या बोटांचा चिखल वाळत होता, तो इनास नखाने खरवडत राहिला. मग उठला, रिकामी पोती खांद्यावर टाकली आणि न विचारता वखारीच्या वाटेला लागला.

त्याला येताना पाहून कामगारांनी एकमेकांना कोपरे मारली. एक जण म्हणाला, "पाटी तर संपली. आता काय, शेठचं धोतर फाडणार?"

इनास खाली मान घालून शेठपुढे उभा राहिला. "पुठ्ठा आहे का शेठ? पाटी लिहून देतो."

"लिहिता येतं?"

"चौथीपर्यंत शिकलोय."

शेठने पुठ्ठा दिला, रंगाचा डबा दिला. "नाताळ लिही हो ह्या खेपेला. माझं चुकलंच. दरवर्षी पाटी पास्कूच लिहायचा. यंदा मला सुचेना, म्हणून त्याचेच शब्द आठवून उतरवले."

इनासचा हात जागीच थांबला. "हे त्याचे शब्द?"

"त्याचेच. पहिल्या वर्षी तो रजा मागायला आला. मी म्हटलं, तू नसलास तर करवत कोण चालवणार? त्यापेक्षा सगळेच घरी बसू. तेव्हा त्याने स्वतः ही पाटी लिहून दारावर टांगली." शेठने करवतीकडे पाहिले. "आता दुसरा चालवतो ती. चांगली चालवतो. पण त्या दिवशी तिचा आवाज नको वाटतो मला."

इनासला अंगण आठवले. दर डिसेंबरात अंगभर भुसा घेऊन पास्कू फाटकातूनच ओरडायचा, "आई, सुट्टी लागली." नाताळ आला, असे तो कधी म्हणत नसे. त्याच्या त्या हाकेवर आई पीठ मळायला घ्यायची. घरात सण सुरू व्हायचा तो त्या हाकेनेच. आणि तेच शब्द त्याने सकाळी फाडले होते.

त्याने वाकडीतिकडी अक्षरे काढली: पंचवीस तारखेला सुट्टी. वखार बंद राहील.

"नाताळ राहिलं की," शेठ म्हणाले.

"असू दे शेठ. हे असंच राहू दे. नाताळ बघायला तुम्ही चर्चसमोर या. गोठा आम्ही बांधलाय."

"येतो. सगळ्यांना घेऊन येतो. नाहीतरी सुट्टीच आहे."

कामगारांनी दोन्ही पोती ठासून भरली आणि त्याच्या डोक्यावर चढवली. मघाशी चिडवणारा सगळ्यात आधी हात लावायला आला होता.

मांडवाच्या वाटेवर इनासचे घर लागत असे. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. इनास फाटकाशी थांबला. पोत्यांतला भुसा केसांत, कानांत, खांद्यांवर सांडला होता. त्याने एकदा घसा खाकरला.

"आई, सुट्टी लागली."

आईचे हात सुपातच थांबले. तिने मान वर केली आणि भुशाने माखलेल्या त्या पोराकडे बराच वेळ पाहिले. मग पदराने डोळे टिपून सूप बाजूला सारले आणि म्हणाली, "मग येताना नारळ घेऊन ये. करंज्यांना खोबरं नाही घरात."